माहूरचा किल्ला आणि पैनगंगेची सीमारेषा

हिंगोलीहून कळमनुरी-पुसदमार्गे माहूरला निघालेल्या यात्रेकरूस वाटेत पैनगंगा दोनदा ओलांडावी लागते. कळमनुरी मागे पडल्यावर एकदा आणि धनोड्याजवळ दुसऱ्यांदा. पहिल्या खेपेस आपण मराठवाड्यातून विदर्भात शिरतो व दुसऱ्या खेपेस विदर्भातून पुन्हा मराठवाड्यात येतो. मोटारीत बसलेल्यांपैकी क्वचितच कोणाच्या हे ध्यानात येते. पुलावर आला की कोणी हात जोडतो, कोणी नाणे टाकतो आणि गाडी पुढे जाते. परंतु ही साधीशी वाटणारी गोष्ट माहूरच्या साऱ्या इतिहासाची किल्ली आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ज्या नदीने शेकडो वर्षे एका बलाढ्य किल्ल्याचे रक्षण केले, त्याच नदीने पुढे त्या किल्ल्याला निरुपयोगी करून टाकले. हे कसे घडले आणि त्यात आपल्या हिंगोलीचा वाटा कोणता, हे वाचकांपुढे मांडण्याचा या लेखाचा अल्पसा प्रयत्न आहे.

'माहूरगड' हा शब्द आपल्या कानांवर बालपणापासून पडत आला आहे. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या श्री रेणुकामातेचे स्थान, श्री दत्तशिखर आणि अनसूयामातेचे मंदिर यांमुळे या गावाचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले आहे. परंतु 'गड' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर देवीचे मंदिर उभे राहते. खरा गड, म्हणजे तटबुरुजांचा किल्ला, देवीच्या डोंगरासमोरच्या डोंगरावर एकाकी उभा आहे. शब्द भक्तांनी जपला आणि वास्तू विस्मरणात गेली, असा हा विलक्षण प्रकार आहे.

स्थान आणि रचना

अजिंठ्याच्या डोंगररांगांत, बुलढाणा जिल्ह्यात पैनगंगेचा उगम होतो. वाशीम, हिंगोली, यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांना स्पर्श करीत ती पूर्वेकडे जाते आणि शेवटी चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीस मिळते. वर्धेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीत जात असल्यामुळे, हिंगोली जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारे हे पाणी अखेर गोदामाईच्याच ओटीत पडते. सहस्रकुंडच्या धबधब्यानंतर या नदीचे रूप पालटते. सपाट काळ्या जमिनीतून संथ वाहणारी नदी डोंगरांच्या घळईत शिरते, उत्तरेकडे वळते आणि माहूरच्या डोंगरांना तिन्ही बाजूंनी वेढा घालून पुन्हा पूर्वेची वाट धरते. सभोवार सागाचे दाट अरण्य, खाली खोल खोरे आणि मध्ये उंच डोंगर. किल्ला बांधणाऱ्यास याहून अधिक काय हवे?

किल्ल्याची आखणी पाहिली म्हणजे ती करणाऱ्यांच्या बुद्धीचे कौतुक वाटते. शेजारशेजारच्या दोन डोंगरसोंडांच्या कडेकडेने तट फिरविलेला आहे. पूर्व आणि पश्चिम या अंगांना कडे तुटलेले असल्याने तिकडून चढाईचा धोका कमी. म्हणून प्रवेशाच्या वाटा उत्तर व दक्षिण या बाजूंना ठेवून त्या दरवाजांनी बंदिस्त केल्या आहेत. दोन सोंडांच्या मधल्या घळीस आडवी भिंत घालून पावसाचे पाणी अडविले आहे. हाच इंजाळा तलाव. म्हणजे जी भिंत शत्रूस अडविते तीच पाणीही अडविते. एका खर्चात दोन कामे! गडावर शत्रूपेक्षा तहान अधिक घातक असते, हे जाणणाऱ्यांनीच अशी योजना केली असली पाहिजे. हत्ती दरवाजा, महाकाली बुरूज, किल्लेदाराचा वाडा, मशीद, धान्याचे कोठार व दारूगोळ्याची जागा असे अवशेष आजही ओळखता येतात. छपरे गेली आहेत, दगडांच्या सांध्यांतून झाडे उगवली आहेत; तथापि तटाची रेषा अजून सुटलेली नाही.

धनी बदलले, मुलूख तोच राहिला

माहूरचे प्राचीनत्व निर्विवाद आहे. गावालगतची पांडवलेणी राष्ट्रकूटकालीन कलेची साक्ष देतात. मातापूर या नावानेही हे क्षेत्र ओळखले जाई. महानुभाव पंथाच्या सातीग्रंथांपैकी रवळोबासांचे 'सह्याद्रवर्णन' हे याच क्षेत्राचे व श्रीदत्तात्रेयांचे माहात्म्य गाणारे काव्य होय. किल्ल्याचा प्रारंभ देवगिरीच्या यादवांशी जोडला जातो आणि त्यानंतर येथे गोंड राजांची सत्ता होती, असे परंपरा सांगते.

लिखित इतिहासात माहूर ठळकपणे दिसू लागते ते बहामनी काळात. १३४७ साली बहामनी राज्य स्थापन झाले. पंधराव्या शतकाच्या पहिल्या चरणाच्या अखेरीस सुलतान अहमदशहा वली याने माहूरच्या स्थानिक सत्ताधीशावर स्वारी करून किल्ला घेतला आणि पुढे वऱ्हाडात मुक्काम ठेवून गाविलगड व नरनाळा यांची बांधकामे केली. यावरून माहूर, गाविलगड व नरनाळा हे वऱ्हाडच्या संरक्षणाचे तीन खांब मानले जात होते, असे म्हणता येईल.

पुढे बहामनी राज्याचा कर्तबगार वजीर महमूद गावान याने सुभेदारांचे बळ कमी करावे म्हणून प्रांतांचे दोन दोन भाग पाडले. त्यात वऱ्हाडचे गाविल व माहूर असे दोन विभाग झाले. गाविल फतहुल्ला इमाद-उल-मुल्काकडे गेले आणि माहूर खुदावंदखान हबशीकडे आले. अधिकार कमी झालेल्या सरदारांना ही वाटणी अर्थातच रुचली नाही. १४८१ साली गावानचा शिरच्छेद झाला, १४९० साली इमाद-उल-मुल्क स्वतंत्र झाला आणि राज्याची शकले उडाली. १५१७ च्या सुमारास बिदरच्या अमीर बरीदाशी झालेल्या संघर्षात खुदावंदखान मारला गेला व माहूर वऱ्हाडच्या इमादशाहीकडे गेले. १५७४ साली अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने इमादशाहीच बुडविली आणि १५९६ साली चांदबिबीस वऱ्हाड मोगलांच्या हवाली करावे लागले.

एवढे धनी बदलले. परंतु गडाखालचा मुलूख कोणाच्या हातात होता? याचे उत्तर अकबराच्या दरबारी अबुल फजलाने लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त मिळते. वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत माहूर हे एक सरकार होते. तेथील डोंगरी किल्ला भक्कम असल्याचे आणि त्याजवळ देवीचे मंदिर असल्याचे अबुल फजल नमूद करतो. येथील म्हशी उत्तम जातीच्या असून अर्धा मण वा त्याहून अधिक दूध देतात, हेही तो सांगतो! आणि मग मुद्द्याची गोष्ट लिहितो : येथील जमीनदार इंद्रजीव नावाचा राजपूत असून त्यास राणा म्हणतात, त्याच्यापाशी १०० स्वार व १,००० प्यादे आहेत. म्हणजे सुभा आग्र्याच्या दप्तरी असला तरी डोंगर, अरण्य आणि नदीचे उतार ज्यास ठाऊक, तोच माणूस येथे खरा आधार होता.

उदाराम आणि रायबागन

हीच गोष्ट सतराव्या शतकात अधिक स्पष्ट होते. मलिक अंबरच्या पक्षातून मोगलांकडे आलेला उदाजीराम हा दक्षिणी ब्राह्मण सरदार माहूर येथे प्रबळ झाला. शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा बादशहा शहाजहान, याने पिता जहांगीर याच्याविरुद्ध बंड केले आणि १६२३ साली पराभूत होऊन तो दक्षिणेत उतरला. बादशाही फौज पाठीवर होती. बऱ्हाणपूर सोडून तापी ओलांडून तो माहूरला आला. जादा हत्ती आणि जड सामान त्याने माहूरच्या किल्ल्यात उदाजीरामाच्या स्वाधीन केले आणि हलका होऊन तो गोवळकोंड्याच्या मुलखातून ओरिसाकडे निघून गेला. पुढे ताजमहाल बांधणाऱ्या पुरुषाला संकटकाळी आपली चीजवस्तू ठेवण्यास जी जागा विश्वासाची वाटली, ती आपल्या पैनगंगेकाठची होती, हे किती जणांना माहीत आहे?

उदाजीरामाच्या मागे त्याचा मुलगा जगजीवन यास तोच किताब मिळाला. या घराण्यातील सावित्रीबाई ही तर इतिहासात स्वतंत्र तेजाने चमकणारी स्त्री होय. तिच्या पराक्रमाबद्दल औरंगजेबाने तिला 'रायबागन', अर्थात राजव्याघ्री, हा किताब दिला. १६६१ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत कारतलबखानाची कोंडी केली, त्या वेळी ती मोगली फौजेत होती. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त या प्रसंगी तिचे दर्शन घडते. पुढे आणि मागे दोन्हीकडे महाराजांची माणसे, खिंडीत पाणी नाही, वारा नाही, अशा स्थितीत खानास हट्ट सोडून शरण जाण्याचा सल्ला तिने दिला आणि खान वाचला. ती शत्रुपक्षात होती हे खरे. पण डोंगर-खिंडीचा अर्थ तिला खानापेक्षा अधिक कळत होता, हेही तितकेच खरे. माहूरच्या कड्यांवर वावरलेल्या स्त्रीस तो कळावा, यात नवल ते काय!

गडाचे काम संपत गेले

१६३६ साली निजामशाही संपली आणि माहूरच्या अवतीभोवती परस्परांशी झुंजणारी राज्ये उरली नाहीत. किल्ल्याचे महत्त्व असते ते दोन राज्यांच्या सीमेवर. दोन्ही बाजूंना एकाच बादशहाचा अंमल आला की चौकीदाराचे काम कमी होते. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईत निजाम-उल-मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दक्षिणेत आसफजाही घराण्याची सत्ता स्थिर झाली. माहूर तिच्या छायेत आले. वऱ्हाडात निजाम व नागपूरकर भोसले यांचा दुहेरी वसूल, ज्यास 'दुअमल' म्हणत, तो १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत चालला.

याच सुमारास लढाईची रीत पालटली. डोंगरावर शिबंदी ठेवण्यापेक्षा मैदानात कवायती पलटणी ठेवण्याकडे राज्यकर्त्यांचा कल वळला. १८०० च्या तहान्वये युद्धप्रसंगी ६,००० पायदळ व ९,००० घोडदळ इंग्रजांच्या मदतीस देण्याचे निजामाने मान्य केले होते. त्यातून पुढे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची, परंतु निजामाच्या पैशावर पोसलेली एक फौज उभी राहिली. तीच हैदराबाद कंटिन्जंट. १८१९ च्या जानेवारीत या फौजेने पैनगंगेच्या खोऱ्यातील हटकर पुढारी नौसाजी नाईक यांच्या नोव्हा येथील किल्ल्यास वेढा घातला व ३१ जानेवारीस तो घेतला. गढीचा आश्रय करून लढणाऱ्यांचे दिवस भरत आल्याचीच ती खूण होती.

या कंटिन्जंटच्या प्रमुख छावण्यांपैकी एक आपल्या हिंगोलीस होती. रिसाला, तोफखाना, पलटण, पेन्शनपुरा, सदर बाजार ही आपल्या गावातील नावे आपण रोज उच्चारतो, ती त्या छावणीची देणगी आहेत. शेकडो वर्षे जे काम डोंगरावरचा किल्ला करीत होता, ते काम आता माळरानावरची छावणी करू लागली. माहूरचा वारसा अशा रीतीने हिंगोलीकडे आला, असे म्हणावयास हरकत नाही.

पगाराची थकबाकी आणि १८५३ चा तह

येथून पुढची हकीकत तलवारीची नसून जमाखर्चाची आहे, आणि व्यापारी वाचकांस ती अधिक सहजपणे उमजेल. फौज कवायती होती. तिचा पगार दरमहा रोख द्यावा लागे. निजाम सरकारचा वसूल मात्र हंगामी, त्यातही मध्यस्थांच्या हातून येणारा. महिन्याचा खर्च आणि हंगामाची आवक यांचा मेळ बसेना. मग कर्ज आले. हैदराबादच्या विल्यम पामर आणि कंपनी या पेढीने भारी व्याजाने रकमा दिल्या. ते प्रकरण इतके चिघळले की रेसिडेंट मेटकाफ यास त्यात हात घालावा लागला आणि १८२४ साली ती पेढी बुडाली. पेढी बुडाली, खर्च मात्र चालूच राहिला. पुढे कंपनी सरकारच आपल्या खजिन्यातून पगार भागवू लागले आणि तो आकडा निजामाच्या नावे चढत गेला.

लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल असताना या देण्याचा निकाल लागला. २१ मे १८५३ रोजी झालेल्या तहाने निजाम नासिरुद्दौला याने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रांत कंटिन्जंटच्या खर्चासाठी इंग्रजांकडे लावून दिले. त्या बदल्यात ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि ४ तोफखाने इतकी फौज इंग्रजांनी बाळगावी असे ठरले. १८६० साली धाराशिव व रायचूर परत मिळाले, ५० लाखांचे देणे माफ झाले. परंतु वऱ्हाड परत आले नाही. १९०२ साली तर वार्षिक २५ लाख रुपयांवर ते कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले. पाठोपाठ १९०३ मध्ये कंटिन्जंट हिंदुस्थानच्या फौजेत विलीन झाली आणि हिंगोलीची छावणीही उठली. ज्या छावण्यांच्या पगारासाठी वऱ्हाड गेले, त्या छावण्या गेल्या तरी वऱ्हाड गेलेलेच राहिले. गहाण ठेवलेली वस्तू, जिच्यासाठी कर्ज काढले ती गरज सरल्यावरही, सावकाराच्याच घरी राहावी, तसा हा प्रकार झाला.

आता माहूरकडे वळू. वऱ्हाड इंग्रजांकडे आणि मराठवाडा निजामाकडे, तर मधली सीमा कोणती? पैनगंगा! माहूर नदीच्या दक्षिण तीरावर असल्यामुळे ते निजामाकडे राहिले आणि समोरचा तीर परराज्य झाला. ज्या वऱ्हाडचा माहूर हा एक खांब होता, त्या वऱ्हाडपासून ते तोडले गेले. किल्ल्याच्या तीन बाजूंना नदी होती. म्हणजे तीन बाजूंना आता सीमा आली. उत्तरेकडचे बाजार, वाटा आणि रयत परक्या अंमलात गेली. कोणत्याही वेढ्यात, कोणत्याही तोफेने माहूरचे जेवढे नुकसान केले नसेल, तेवढे एका करारपत्राने केले. गड पडला नाही. त्याचे प्रयोजन पडले. आणि प्रयोजन गेलेल्या वास्तूची डागडुजी कोण करणार?

नदीकाठची दोन राज्ये

१८५३ पासून १९५६ पर्यंत, अशी १०३ वर्षे पैनगंगा ही दोन कारभारांमधील रेषा होती. अलीकडे निजामाचा हाली सिक्का, पलीकडे इंग्रजांचा कलदार रुपया. १०० कलदारांस साधारणपणे ११६ च्या आसपास हाली रुपये मोजावे लागत. माल नदीपार करावयाचा तर करोडगिरीचा नाका लागे आणि जकात भरावी लागे. अलीकडे दप्तराची भाषा प्रथम फारसी व मग उर्दू झाली. पलीकडच्या कचेऱ्यांतून मराठी चालली. लेकी मात्र दोन्ही तीरांवर दिल्या-घेतल्या जात होत्या आणि देवीच्या नवरात्रास दोन्हीकडचे भाविक येतच होते. सरकारने नदीस सीमा मानले, माणसांनी मानले नाही.

१९४७-४८ मध्ये रझाकारांच्या उपद्रवाने गावे होरपळू लागली, तेव्हा याच रेषेने अनेकांचे प्राण वाचविले. नदी ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र भारत. उमरखेड येथे हैदराबाद मुक्तिलढ्याचा कॅम्प उभा राहिला होता आणि अलीकडच्या तीरावरील कार्यकर्त्यांना त्याचा आधार होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा व विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले. तोवर आदिलाबाद जिल्ह्यात असलेला किनवट तालुका, ज्यात माहूर होते, तो त्याच वेळी नांदेड जिल्ह्यास जोडला गेला. पैनगंगेचे दोन्ही तीर पुन्हा एका राज्यात आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन आपला हिंगोली जिल्हा जन्मास आला. नदीवर पूल झाले, ईसापूरच्या धरणाने पाणी अडले, जकातीचे नाके इतिहासजमा झाले. मात्र किल्ल्याला त्याचे गेलेले महत्त्व परत मिळाले नाही.

एक कबुली

हा लेख लिहिताना एक गोष्ट मनाला सारखी टोचत राहिली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या दुकानाच्या माळ्यावर आजोबांच्या काळच्या लाल कापडी बांधणीच्या रोकड-खतावण्यांचे गाठोडे होते. त्यांत हाली आणि कलदार अशा दोन वेगळ्या रकान्यांत नोंदी होत्या. नदीपलीकडच्या गावांची नावे, करोडगिरीत भरलेली रक्कम, धोतरजोड्या आणि लुगड्यांचे ताके असे सारे मोडी अक्षरांत मांडलेले होते. लहानपणी ते रकाने पाहून मी आजोबांना विचारले होते, "एकाच मालाला दोन रुपये कसे?" ते हसून म्हणाले होते, "बाळा, नदी मधी आहे ना!" त्या उत्तराचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. पुढे दुकानाचे नूतनीकरण करताना, वाणिज्य शाखेचा पदवीधर असूनही, मी ते गाठोडे किलोच्या भावाने रद्दीत घातले. उत्तराचा अर्थ कळला तेव्हा वह्या उरल्या नव्हत्या.

किल्ल्याची दुरवस्था पाहून आपण शासनाला दोष देतो. तो काही अंशी योग्यही असेल. परंतु किल्ल्यावरचा एक दगड निखळतो आणि आपल्या माळ्यावरची एक वही रद्दीत जाते, या दोन्ही घटनांमागचे कारण एकच असते : आता याचा उपयोग काय, हा प्रश्न. १८५३ साली माहूरला लागू झालेला तो प्रश्न आपण आपल्या घरातही विचारीत असतो.

आपण काय करू शकतो?

आपल्यातील बहुतेक कुटुंबे कधी ना कधी माहूरला जातात. नवरात्रात वा पौर्णिमेस डोंगरवाटा माणसांनी फुलून जातात आणि समोरचा किल्ला ओस असतो. पुढच्या खेपेस थोडा वेळ राखून ठेवावा आणि मुलानातवंडांना घेऊन हत्ती दरवाजातून आत जावे. इंजाळा तलावाच्या भिंतीशी उभे राहून, पाणी आणि शत्रू ही दोन्ही एकाच भिंतीने कशी अडविली ते त्यांस दाखवावे. बुरुजावरून खाली पैनगंगेचे वळण दाखवावे आणि सांगावे की, ही नदी आधी खंदक होती, मग सीमा झाली आणि आता पुन्हा नुसती नदी झाली आहे. भिंतीवर नाव कोरू नये, दगड हलवू नये, प्लॅस्टिक टाकू नये, हे तर सांगावयासच नको.

दुसरे असे की, ज्यांच्या घरी १९५६ पूर्वीच्या वह्या, सनदा, हुंड्या, करोडगिरीच्या पावत्या वा छावणीच्या पुरवठ्याचे कागद असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. वाचता आले नाहीत तरी चालेल. मोडी व उर्दू वाचणारी माणसे अजून आहेत. कागद कोरड्या जागी ठेवावेत, त्यांची छायाचित्रे काढावीत आणि एखाद्या ग्रंथालयास वा महाविद्यालयाच्या इतिहास विभागास प्रती द्याव्यात. बादशहा आणि निजाम यांच्या तहांचे मसुदे पुराभिलेखागारांत जपलेले आहेत. परंतु त्या तहांमुळे सामान्य माणसाचा रुपया कसा बदलला, हे मात्र आपल्याच वह्यांत लिहिलेले असते.

शहाजहान आला आणि सामान ठेवून गेला. खुदावंदखान, इमादशहा, निजाम, इंग्रज रेसिडेंट, सारे आले आणि गेले. इंद्रजीव राण्यापासून रायबागनेपर्यंत ज्यांनी या डोंगराशी नाते राखले, ती मंडळी येथलीच होती. यापुढेही हा गड राखला गेला तर तो येथल्याच माणसांकडून राखला जाईल. पुढच्या वेळी माहूरची वाट धराल तेव्हा धनोड्याच्या पुलावर क्षणभर थांबावे. पैनगंगेस हात जोडावेत आणि मग मान वर करून माहूरच्या डोंगरांकडेही पाहावे, एवढीच नम्र विनंती.